बांधातले बीळ

ठाण्याच्या खाडीवरच्या एका मिठागरात मी कारकून होतो, तेव्हा तिथे बांध लिंपणारी एक आगरी बाई होती. तिचे नाव मी कधी विचारले नाही. सगळा बांध ती तळव्याने गुळगुळीत करी, फक्त एका बिळाभोवतीची वीतभर जागा सोडून देई. त्यात खंड्याची पिल्ले होती. तो निळा पक्षी लाल चोचीत मासोळी घेऊन आला, की ती हात थांबवून बाजूला सरे.

मी बीळ बुजवायला सांगितले. ती म्हणाली, "तुमचे घराला दार हाय ना, कारकूनबाबा? मंग त्याचे घराचा दार कनाला लिपाचा?"

मजूर हसले. मला राग आला. मी दुसऱ्याकडून बीळ बुजवून घेतले. खंड्या मासोळी धरून त्या ओल्या चिखलावर धडका देत राहिला. तिने बोटांनी चिखल उकरला. मी वहीत लिहिले, 'आळशी बाई, बांध फोडते.' त्याच दिवशी तिचे काम गेले.

परवा तिथल्या मालकाच्या मुलाने चारचौघांत माझ्या शिस्तीचे कौतुक केले. कसली शिस्त? तिच्याइतका नेटका बांध कोणी लिंपत नव्हते. त्या बिळातून पाण्याचा थेंबही गळत नव्हता, आणि हे मला शेरा लिहितानाच ठाऊक होते.