छापील रेंज आणि आमच्या बाई

आमच्या नाशिकच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या बाईंचा मशीनवर विश्वास होता, पण रिपोर्टवर छापलेल्या रेंजवर नव्हता. "मशीन बरोबरच मोजतं गं. पण हे 'नॉर्मल' कुणाचं? ज्यांचं रक्त तपासून हे आकडे ठरवले, ती माणसं ना आपल्या देशातली, ना आपल्या डोंगरातली," असं म्हणत त्या काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवायच्या. मी डिग्रीवाली, त्या जुन्या डिप्लोमावाल्या. तरी डॉक्टर विचारायचे ते एवढंच, "बाईंनी बघितलंय का?" माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू!

बरं, त्यांना कमी आलेलं सगळंच चालायचं असंही नाही. बायकांचं हिमोग्लोबिन पुरुषांपेक्षा थोडं कमी असतं, हे मीही शिकले होते. निफाडच्या द्राक्षमळ्यातल्या एका मजुरणीचं नऊ आलं, तेव्हा मी म्हणाले, "बाईमाणसाचं असतंच कमी." बाई कडाडल्या, "असतं, पण एवढं नाही. याला उपासमार म्हणतात." तेही चारचौघांत. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

मग सुरगाण्याची एक मुलगी आली. सिन्नरच्या कारखान्यात तिला नोकरी मिळत होती, फक्त तपासणी बाकी होती. पांढऱ्या पेशी रेंजच्या खाली आल्या. असा रिपोर्ट गेला असता तर नोकरी हातची गेली असती, आणि मी तो टाइप करून मोकळी झाले होते. आतल्या खोलीतून बाई म्हणाल्या, "थांब. पेशी चांगल्या दिसतायत. हिच्या आईला आणि बहिणीला बोलावून घे." दोघी जीपने आल्या. दोघींच्याही पेशी तेवढ्याच, आणि दोघी ठणठणीत. बाईंनी रिपोर्टवर हाताने एक ओळ लिहिली, 'घरात सर्वांचेच प्रमाण असे आहे, आजार दिसत नाही.' डॉक्टरांनी लगेच सही केली.

महिन्याभराने ती मुलगी पेढे घेऊन आली. बाईंचा तो नोकरीतला शेवटचा दिवस होता. तिने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. रक्त मी काढलं होतं.

"ताई, लागले कामाला. ती ओळ तुमीच लिवली ना?"

"हो," मी म्हणाले.

ती पाया पडली. मी पडू दिलं. आतलं दार सताड उघडं होतं. बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, एक पेढा उचलला आणि तिला म्हणाल्या, "आमची ही पोरगी हुशार आहे हो."

हेही त्यांनाच जमावं! तोवर मी फक्त त्यांच्या मायक्रोस्कोपवरच्या नजरेवर जळत होते.