ढलपीचा वास

मालनने तुळशीदास मेस्त्रींना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते तिच्या दाराला नाक लावून उभे होते. बोरीवलीच्या जुन्या सोसायटीतली गोष्ट. बोलावलं होतं न्हाणीघराचं फुगलेलं दार तासायला. आणि हे गृहस्थ बाहेरच्या दाराची कड पटाशीने खरवडून, डोळे मिटून हुंगत होते.

“काय मेस्त्री, दाराला फोडणी दिलीय काय आम्ही?” तिचा नवरा सुबोध आतून ओरडला.

“साहेब, गाभ्यातलो साग आसा ह्यो. रंगाखाली लपलोहा.” मेस्त्रींनी बोटभर ढलपी मालनच्या तळहातावर ठेवली. “हुंगा, वयनी.”

तिने हुंगली. जुन्या चामड्याचा, किंचित तेलकट वास.

“ह्या तेलाक लागून वाळवी तोंड लावणा नाय. पाण्यान फुगणा नाय, आतलो खिळो गंजणा नाय. घर मोडलात तरी दार मोडीत देऊ नकात.”

“वीस वर्षं ढकलतोय हे दार,” सुबोध म्हणाला, “आणि जात आज कळतेय. झकास!”

त्या दिवसापासून सोसायटीत कुणाला लाकूड घ्यायचं असलं, की मेस्त्रींना वखारीत सोबत नेत. ते रंध्याचा एक हात मारत, ढलपी नाकाशी धरत, डोळे मिटत आणि नाव सांगत. फणस, शिवण, ऐन. वखारवाला हलकं लाकूड रंगवून साग म्हणून पुढे करायचा, तेही इथेच पकडलं जाई. डोळे फसतात, नाक फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुलगा विपुल प्लायवूडची कपाटं करू लागला होता. तो चिडवायचा, “बाबा, प्लायमध्ये काय हुंगणार, डिंक?”

“तू हुंग. तुझोच धंदो आसा तो.”

पुढे सुबोध गेला. मग एकवीस सालच्या साथीत मेस्त्रींची बायको सोनूबाई गेली. मेस्त्री स्वतः तापातून उठले ते अर्धे होऊन. तरी काम करत राहिले.

सोसायटी पाडायची ठरली, तेव्हा मालनने त्यांना बोलावलं. “मेस्त्री, त्या दाराचा मला देव्हारा करून द्या. भाड्याच्या घरात दार कुठे ठेवू? पण ह्यांचा हात लागलाय त्याला रोज.”

सगळ्या घरांची दारं उतरवून आवारात एकावर एक रचली होती. सगळ्यांना एकच चॉकलेटी रंग. मजुरांनी खडूने लिहिलेले आकडे हाताळून पुसले होते. मेस्त्रींनी तीन दारं बाजूला काढली, प्रत्येकाची कड खरवडली, डोळे मिटून हुंगली. मालनला आठवतं, त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग मधल्या दारावर थाप मारली. “ह्योच.”

उरलेली दारं संध्याकाळी भंगाराच्या टेम्पोत गेली.

देव्हारा सुरेख झाला. बारीक कळस, खाचेत घट्ट बसलेल्या फळ्या, एक खिळा दिसायचा नाही. मालनने देव मांडले. सहा महिन्यांनी एका सकाळी बाळकृष्णाच्या पायाशी पिवळसर भुकटी दिसली. तिला वाटलं, कालची हळद सांडली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तिला खालच्या फळीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली.

तिने कुणाला सांगितलं नाही. पूजेआधी ओल्या फडक्याने भुकटी पुसायची, एवढंच. आपलं खरं दार गेलं ते गेलंच. आता मेस्त्रींचं नाव तरी राहावं.

महिन्याभराने मेस्त्री सकाळीच आले. विपुलने कांदिवलीला दुकान घेतलं होतं, त्याच्या पूजेचं बोलावणं घेऊन. मालनचं पुसणं अजून व्हायचं होतं. ते देवाला नमस्कार करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. भुकटी बोटावर घेतली. सवयीने नाकाशी नेली. मग बोट तिच्यापुढे धरलं.

“वयनी, कसलो वास येता?”

मालनने हुंगलं. ओल्या पुठ्ठ्यासारखा आंबूस वास होता.

“सागाचाच येतोय,” ती म्हणाली.

“सागाक भोकां पडनत नाय, वयनी.”

ते जमिनीवरच बसले. तिने पाणी दिलं. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

“माका वासच येणा नाय. तापापासून. सोनूच्या बाराव्याक मी इपुलावर वराडलंय, धूप कित्याक लावलंस नाय म्हणान. माझ्या डोळ्यासमोर धूर चढत होतो.”

“मग सांगायचं नाही का हो? मी काय परकी?”

“काय सांगतलंय? मेस्त्री मिया कसलो मग?” त्यांनी फळीवरून अंगठा फिरवला. “रंधो मारताना हाताक कळला होता. लाकूड हलक्या लागत होता, पाती बोथट होईत नव्हती. सागान ती बोथट होता. मी म्हटलंय, जुना आसा म्हणान असात. तुमचो दरवाजो मीच भंगारात घातलंय, वयनी.”

मग तिनेच देव उचलून ताटात ठेवले आणि मेस्त्री देव्हारा घेऊन गेले. आठवड्याने तो परत आला. खालची फळी नवी, भोकांत औषध भरलेलं. नवी फळी कसली, हे त्यांनी सांगितलं नाही. कळसाला मात्र तेच जुनं लाकूड होतं. भुकटी अजून अधूनमधून पडते. फडकं तिथेच देव्हाऱ्यामागे असतं.

तुळशीदास मेस्त्री आता विपुलच्या दुकानात गिऱ्हाइकांना लॅमिनेटचे नमुने दाखवतात. प्रत्येक नमुन्याच्या मागे लाकडाचं नाव छापलेलं असतं, ते चष्मा लावून वाचून सांगतात.