वनलताताईंच्या मिशा

सकाळी झाडाला मरणाची शिक्षा सुनावायची आणि संध्याकाळी त्याच झाडासाठी डोळ्यांतून पाणी काढायचं, असा माणूस सगळा खानदेश धुंडाळला तरी दुसरा सापडला नसता; आणि जो एक होता तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आला. माझे हे मेहुणे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे दाजी, जंगलखात्यात नोकरीला होते. तोडायला काढलेल्या जंगलात फिरायचं, कुठला साग पडणार ते ठरवायचं, बुंध्यावरची वीतभर साल तासायची आणि तिथे सरकारी शिक्क्याची हातोडी हाणायची, हे त्यांचं काम. शिक्का बसला की त्या झाडाचे दिवस भरले. दाजी हातोडी उचलण्याआधी टोपी काढत, झाडाला हात जोडत, "माफ कर रे बाबा," म्हणत आणि मग असा घाव घालत की शिक्क्याचं अक्षर न् अक्षर उमटावं. त्यांच्याइतके स्पष्ट शिक्के आसपासच्या जंगलात कोणाचे नव्हते.

स्वातंत्र्याच्या बरीच वर्षं आधीची ही गोष्ट. विसरवाडीच्या अलीकडे एका लहान गावातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली आणि अक्काचं घर तिथेच असल्यामुळे मी तिच्याकडे राहायला गेलो. पहिल्याच पावसाळ्यात कच्च्या भाकरी खायची वेळ आली. उभ्या झाडाचं लाकूड चुलीत घालायचं नाही, असा दाजींचा नियम होता. पडलेलं, वाळलेलं लाकूड ते स्वतः आणत आणि त्यातलीही प्रत्येक काटकी कानाशी धरून ऐकत.

"सकायपासीन चुल्हा पेटी नही ऱ्हायना," अक्का माझ्याकडे तक्रार करी, "आनि तुन्हा दाजी लाकडंस्ले इचारी ऱ्हायनात, आत कोन ऱ्हास म्हनीन!"

"मास्तर, तठे मुंग्यास्नं घर शे," दाजी अगदी गंभीरपणे मला सांगत. मेहुण्याला मास्तर म्हणण्याची त्यांची पद्धत होती आणि मास्तराने आपली बाजू घ्यावी अशी अपेक्षा. मी कच्ची भाकरी चावत असे.

पण खरा हादरा मला बसला तो टपालवाल्यामुळे. एक दिवस तो शाळेत आला आणि माझ्या हातावर पुण्याचं पाकीट ठेवून म्हणाला, "तुमच्या दाजींच्या पत्त्यावर कोणी बाई राहते का हो?" पाकिटावर लिहिलं होतं, 'कुमारी वनलता', आणि खाली दाजींचा पत्ता. माझ्या बहिणीच्या घरात कोण ही कुमारी? दोन दिवस मी दाजींकडे चोरासारखं पाहिलं, तिसऱ्या दिवशी अक्का भाजी निवडत असताना धीर करून ते पाकीट त्यांच्यापुढे टाकलं. दाजींच्या मिशा मोठ्या जबरदस्त होत्या, दोन्ही गालांवरून वळून कानांकडे निघालेल्या. त्या मिशांसकट ते लाजले.

"ती मीच," ते म्हणाले.

पुण्याहून मुलांचं एक मासिक निघत असे, शाळेत येई. त्यातल्या वनलताताईंच्या गोष्टी मी स्वतः वर्गात वाचून दाखवत होतो, आणि मनातल्या मनात त्यांना एखाद्या शिकलेल्या, हळव्या, पांढरं लुगडं नेसणाऱ्या बाई समजत होतो. एकदा तर त्यांना कौतुकाचं पत्र लिहावं म्हणून मी कागदही आणला होता. आता समोर त्या मिशा!

"भाऊ, तुन्हा दाजी बाई व्हयी ग्यात!" अक्काच्या हातातली भाजी खाली पडली.

"गडीमानूसना नावनी गोष्ट पोरे वाचतस का?" दाजी पुटपुटले.

पोरं मात्र वनलताताईंवर जीव टाकत होती. त्यांची घरची बोली वेगळी. मी पुस्तकी मराठीत वाचायचो आणि जिरमी नावाची एक नऊ-दहा वर्षांची हुशार मुलगी प्रत्येक वाक्य आपल्या बोलीत करून बाकीच्यांना सांगायची. झाडांना दुखतं, असं वनलताताईंचं सगळ्या गोष्टींत म्हणणं असे. त्याचा परिणाम असा, की सकाळी दात घासायला करंजाची काडी मोडणाऱ्या बापांना पोरं अडवू लागली. शाळेपुढच्या आंब्यावर कोणी कुऱ्हाड चालवून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी त्या जखमेला पट्टी बांधलेली दिसली, आणि पट्टी म्हणजे माझं वाळत घातलेलं उपरणं होतं. मी ओरडलो तर जिरमी म्हणाली, "मास्तर, तुला कुठं लागलंय?"

मग ती गोष्ट आली. एका म्हाताऱ्या सागावर शिक्का बसतो, गावातली मुलगी त्याच्यावर नदीची माती लिंपते, तोडणाऱ्यांना शिक्का सापडत नाही आणि झाड वाचतं. वाचून झालं तरी वर्गातलं एकही पोर हललं नाही. मला वाटलं, गोष्ट फार आवडली. ती किती आवडली ते आठवडाभराने कळलं.

रेंजरसाहेब तोडीच्या पाहणीला आले आणि नाल्याकाठच्या जंगलात त्यांना एकाही झाडावर शिक्का दिसेना. एकूण एक झाडाला माती लिंपलेली, वर पाला चिकटवलेला. शिक्का झाकणं म्हणजे सरकारी लाकूड चोरायची तयारी, असं साहेबांनी ठरवलं आणि तोडणाऱ्यांच्या मुकादमाला हात बांधून जंगलखात्याच्या बंगल्याच्या ओट्यावर बसवलं. तो मुकादम जिरमीचा बाप. मला निरोप मिळताच मी धावत गेलो, तो ओट्याखाली सगळी शाळा उभी, आणि जिरमीचा चेहरा मातीसारखा झालेला.

दाजी पुढे झाले. "साहेब, ह्याला सोडा. हे कोणी करायला लावलं ते मला माहीत आहे. वनलता."

"कोण ही बाई? आत्ताच्या आत्ता आणा तिला."

"आणली आहे, साहेब," म्हणून दाजींनी पिशवीतून मासिक काढलं आणि खालच्या आवाजात आपला गुन्हा सांगितला. साहेबांनी उभ्या उभ्या पूर्ण गोष्ट वाचली. मग दाजींच्या मिशांकडे पाहिलं, पुन्हा मासिकाकडे पाहिलं.

"म्हणजे," तेही दाजींच्या कानाशी झुकून म्हणाले, "गेले दोन महिने माझ्या धाकटीनं घरात कढीपत्ता तोडू दिला नाही, तो तुमच्यामुळे?"

जिरमीचा बाप सुटला. दाजींना शिक्षा झाली ती साहेबांच्या मते सौम्य होती: लाकडाच्या वखारीवर बदली, पुन्हा गोष्टी लिहायच्या नाहीत, आणि जाण्यापूर्वी शिक्के झाकलेल्या सगळ्या झाडांवर स्वतःच्या हाताने नवा शिक्का मारायचा. दाजींनी तो मारला. टोपी काढून, हात जोडून, रडत. पोरं लांब उभी राहून बघत होती. हाच माणूस वनलताताई आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

काही दिवसांनी पुण्याहून एक पत्र फिरून दाजींच्या हातात आलं. जिरमीने मासिकाच्या पत्त्यावर लिहिलं होतं: 'वनलताताई, आमच्या गावात एक मिशीवाला आहे. त्याने सगळी झाडे पुन्हा मारली. रडत होता तरी मारली. तू त्याला गोष्टीत घाल आणि वाघाला खायला दे.' दाजींनी ते अक्काला वाचून दाखवलं. अक्का हसायला लागली आणि दाजींकडे बघून मध्येच थांबली.

उत्तर लिहायला त्यांना तीन दिवस लागले. पत्रावर पुण्याचाच शिक्का हवा म्हणून ते त्यांनी आधी मासिकाकडे पाठवलं, आणि चार घरं पलीकडे राहणाऱ्या पोरीला ते पुणं फिरून मिळालं. 'तू लिहिलंस ते खरं आहे,' असं वनलताताईंनी कळवलं होतं. 'तो माणूस माझ्या ओळखीचा आहे. वाघाला सांगण्याआधी तू एकदा त्याच्याशी बोलून बघ.'

दाजी निघायचे त्याच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, जिरमी आमच्या दारात येऊन उभी राहिली. "वनलताताई सांगते, तुझ्याशी बोलायचं," ती दाजींना म्हणाली. "बोल."

दाजी बांधाबांध सोडून उठले. त्यांनी पायरीवर तिच्यासाठी जागा केली. अक्काने मला बाहीला धरून आत ओढलं. दिवे लागेपर्यंत दोघं तिथे बसून होती. मधूनमधून पोरीचा आवाज येई, मग दाजींचा. ती गेल्यावर मी बाहेर आलो.

"काय म्हणाली?"

"तिनी इचारं, झाडले समजस का, कोन मारी ऱ्हायना ते." दाजी समोरच्या अंधाराकडे बघत होते. "मी सांगं, समजस. मंग तिनी इचारं, त्याले राग येस का."

"मग?"

"ते माले सांगता उनं नही, मास्तर," दाजी म्हणाले.