पहिला मुळा अण्णांचा

सखारामअण्णा वाफ्यातला पहिला मुळा उपटायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि सगळ्यांच्या देखत उभ्या उभ्या खायचे. पाल्यासकट. धुवायचे नाहीत. मग मिशा पुसून म्हणायचे, "आता फुडल्या बाजारापातुर कुनी हात लावू नका. तवर मी हिंडता-फिरता दिसलो तर खावा." घरातल्या माणसालासुद्धा त्याआधी मुळा मिळत नसे.

कारण होतं त्यांचं खत. सुप्याकडच्या माळावरची त्यांची जमीन मुरमाड, जनावरं थोडी, शेण पुरायचं नाही. म्हणून ते बाजाराच्या गावातून मैल्याच्या गाड्या आणवत. खड्ड्यात मैला, पालापाचोळा, राख आणि माती यांचे थर द्यायचे, वरून पाणी शिंपायचं आणि कुजू द्यायचं. हेच सोनखत. शेजारचा भिवा बांधावरून चिडवायचा, "अण्णा, गावाची पंगत उठली की तुमच्या वावरात वाढत्यात म्हनं."

"व्हय," अण्णा म्हणायचे, "आन् हितली उठली की तुझ्या ताटात."

भिवाची बायको बाजारात अण्णांचीच मेथी घेते, हे सगळ्यांना माहीत होतं. भिवालाही.

मी राजूरकडची. शाळा चौथीतच सुटली. लग्न झालं आणि नवऱ्यामागं कामासाठी इतक्या लांब आले. डोंगरातल्या माणसांना कोण थारा देणार, याची मला सारखी धास्ती. अण्णांनी गाव-नाव सोडून काही विचारलं नाही. विहिरीजवळची खोली दाखवली आणि म्हणाले, "ऱ्हावा हितं. भाकरी आक्काच्या चुलीवर भाज, सरपन वाया नको." आक्का म्हणजे त्यांची बायको. मला दोघंही 'राजूरकरीण' म्हणायचे. त्या माळावर माझं एवढं एकच नाव राहिलं.

खड्ड्याजवळून मी तोंडाला पदर लावून पळायची. अण्णांनी ते पाहिलं. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. खड्ड्यात त्यांनी लोखंडी पहार रोवून ठेवली होती, ती उपसली आणि म्हणाले, "हात लाव." मी लावला आणि झटकन काढला. चुलीतून काढल्यासारखी तापलेली.

"आजून शिजतंय. आत जे काय वंगाळ हाय ते ह्या आगीत मरतं. पहार गार लागली की समजायचं, शिजून निवलं. कच्चं अन्न कुनाला वाढू नये, राजूरकरीण. मानसाला न्हाई, जमिनीलाबी न्हाई."

त्या दिवसापासून मी पदर लावणं सोडलं.

मग दुष्काळ आला. नवरा खडी फोडायच्या कामावर गेला. बैल छावणीत गेले. आम्ही रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो. विहिरीत एका वाफ्यापुरतं पाणी उरलं होतं, तेव्हा खड्ड्यावर शिंपायला कुठलं? अण्णांनी पहार उपसली ती गार निघाली. त्यांनी ती मनगटाला लावून पाहिली, गालाला लावून पाहिली. "औंदा लवकर निवलं," म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्या वर्षी बरं वाटावं असं दुसरं काही नव्हतं. खत वाफ्यात पसरलं, मुळा पेरला, पुढं उगवल्यावर थोडं वरूनही दिलं.

मला तेव्हा दिवस गेले होते. भाकरी नको वाटायची. काहीतरी हिरवं, कच्चं, तिखट खावंसं वाटायचं. सगळ्या माळावर तेवढा एकच वाफा हिरवा. मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या कडेला जाऊन बसायची. आक्का म्हणाली, "अवो, पोटुशी हाय ती. एक द्या की उपटून."

"माझ्याआधी न्हाई," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मुळा उपटला, सोग्याला पुसला आणि पाल्यासकट खाल्ला. माझ्याकडं बघून म्हणाले, "जराशी दम धर. फुडल्या बाजाराला पयला तुझा."

बाजार यायच्या आत ते बाजेवर पडले. आधी पोटात मुरडा, मग हागवण, मग ताप. आक्का तांदळाचं पाणी पाजत होती, ते पोटात राहत नव्हतं. भिवानं सायकलवरून डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, मुळ्यानंच झालं असं सांगता येत नाही, विहिरीच्या तळाचं पाणीही असेल. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझ्याकडं पहार मागितली. मी आणून दिली. ती छातीवर घेऊन ते बराच वेळ पडून राहिले.

"निवलं न्हवतं ते," म्हणाले. "तापलंच न्हवतं. पानी न्हाई तर तापंल कशानं? मला कळाया पायजे हुतं." मग आक्काला म्हणाले, "वाफा गाडून टाका. एक पान बाहीर जाता कामा नये. आन् राजूरकरनीला आत जाऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी ते गेले. मला रडू आलं नाही. आक्कालाही आलं नसावं. अण्णांच्या मातीहून आल्यावर तिनं कुदळ घेतली आणि वाफ्यात उतरली. मी बांधावर बसले. भिवा आला. म्हणाला, "आक्का, एवढा हिरवा पाला मातीत घालता? माझ्या म्हशीला तरी द्या."

"न्हाई."

"डागदर तर म्हनला, पान्यानंबी झालं आसंल."

"आसंल. त्यांनी खाल्ला हुता आन् ते हिंडता-फिरता दिसत न्हाईत."

भिवानं तिच्या हातातली कुदळ घेतली. पांढरे, बोटाएवढे मुळे मातीखाली जाताना मी बघत होते. तोंडाला पाणी सुटत होतं. तेवढं एकच शरीराला कळत होतं.

पुढं मुलगी झाली. धडधाकट. आम्ही अजून त्याच खोलीत राहतो. आक्का खड्डा भरते, पण आता त्यावर शिंपायला पाणी नसेल तर खत वाफ्यात जात नाही, पहार गार असो की गरम. नवा मुळा निघाला की आक्का माझ्याकडं बघते. पहिला मी उपटते, पदराला पुसते आणि पाल्यासकट खाते. मुलगी हात पुढं करते.

"फुडल्या बाजाराला," मी म्हणते.

"मंग तू का खाल्ला?"

मुळ्याची चव मला लागत नाही. बाजार येईपर्यंत मी तिच्या डोळ्यांपुढून हिंडत राहते.