टेपांवरची हळद

तारापूरच्या एका औषध कारखान्यात सर्व्हरच्या बॅकअपची नवी घडी बसवायचं काम माझ्याकडे होतं. ताज्या प्रती डिस्कवर ठेवायच्या, महिना उलटला की मशीनने टेपवर उतरवायच्या, आणि त्या टेपा दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात. काम साधंच, पण मी त्याचं असं अवडंबर माजवलं होतं की त्या खोलीत कुणी चप्पल घालून आलं तरी मी अंगावर धावून जायचे.

खोलीची झाडलोट वाणगावकडच्या एक मावशी करायच्या. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुसून पुजतात. मावशींनी माझ्या टेबलावरच्या नव्या टेपाही पुजल्या. प्रत्येकीवर हळदकुंकवाची चिमूट, वर झेंडूची पाकळी. मी येऊन पाकळ्या काढल्या, पण हळद पुसायला हात होईना. सणाच्या दिवशी कोण पुसतं? "शुभच आहे," म्हणत टेपा तशाच मशीनमध्ये सरकवल्या. एरवी धुळीच्या कणावरून आकांडतांडव करणारी मी!

दसऱ्यानंतर मशीन टेपा वाचेना. दुरुस्तीवाल्याने उघडलं तर आत पिवळी भुकटी. डिस्कवर प्रती होत्या म्हणून माहिती बचावली, मशीन मात्र गेलं. हळद कुणी लावली, असं व्यवस्थापकांनी विचारलं.

"मी लावली," मावशी म्हणाल्या.

उद्यापासून येऊ नका, असं त्यांना तिथल्या तिथे सांगितलं गेलं. मी शेजारीच उभी होते. माझंही कंत्राट त्याच महिन्यात वाढवून मिळायचं होतं. मी मूग गिळून गप्प बसले.

घरी गेल्यावर स्वतःची लाज वाटत होती. सकाळी उठून व्यवस्थापकांकडे गेले आणि सांगून टाकलं, "हळद त्यांनी लावली, पण टेपा मी घातल्या. हळद दिसत असून घातल्या." त्यांनी यथेच्छ झापलं. मला लेखी ताकीद मिळाली, मावशींना परत बोलावलं.

त्या आल्या तेव्हा मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. टेपा मी घातल्या, हे तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मना ठावं हाय. मी दारातच व्हते. तुमाला घालताना पायला मी."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्यांनी फडकं झटकलं. "तुमीपन कंत्राटीच ना? म्हटला, एकीचा काम जातंय तर जाऊ दे, दोघींचा कशाला?"