जासूसमामी आणि तेरावा डबा

माझ्या मामीनं पडद्यावरचा एकही मृत्यू सहजासहजी मान्य केला नाही. मालिकेतला नायक दरीत कोसळला आणि सगळं घर हळहळायला लागलं, की मामी हातातलं धान पाखडायचं सूप खाली ठेवायची आणि विचारायची, "प्रेत दाखवलं काय?" नाही दाखवलं, असं कबूल करावं लागायचं. "मंग पडला म्हन ना. मेला कायले म्हनतेस?" आणि सूप पुन्हा चालू. दहा-पंधरा भागांनंतर नायक दाढी वाढवून परत यायचाच, त्यामुळे तिच्याशी वाद घालणं आमच्या घरात हळूहळू बंदच पडलं.

मामी म्हणजे माझ्या आईच्या भावाची बायको, दवनीवाड्याची. घरी धानाची शेती. मामीला गावात सगळे जासूसमामी म्हणत, आणि तिला ते आवडायचं. हे नाव तिला एका सिनेमामुळे पडलं. मामानं कधीतरी गोंदियाच्या बाजारातून डीव्हीडीचा प्लेअर आणला, त्याच्यासोबत दुकानदारानं चार-पाच सीड्या दिल्या. आमच्याकडे डीव्हीडीलाही सीडीच म्हणतात. त्यातली एक होती 'तेरहवाँ डिब्बा'. कुठल्याशा बर्फाळ देशातल्या गुप्तहेरांचा सिनेमा, हिंदी आवाज घातलेला. बाकीच्या सीड्या मामीनं कोंबड्यांना घाबरवायला परसात टांगल्या. ही मात्र तिनं आयुष्यभर पाहिली.

गोष्ट अशी. एल्सा नावाची एक बाई रेल्वेत डबे झाडण्याचं काम करते आणि गुपचूप निरोप पोहोचवते. शेवटी ती तेराव्या डब्यात शिरते, गाडी बोगद्यात जाते, अंधारात गोळीचा आवाज होतो. गाडी बाहेर येते तेव्हा खिडकीच्या खिळ्याला तिचा रुमाल तेवढा अडकलेला. नायक टोपी काढतो आणि सिनेमा संपतो. जगातल्या कोणत्याही माणसाला यातून जे कळायचं ते कळेल. मामीला ते कळलं नाही, किंवा कळूनही तिनं घेतलं नाही. "बोगद्यात अंधार होता ना व? कोनी पायलं?" असं ती म्हणायची. आणि फारच कोणी हुज्जत घातली तर थेट हिंदीत उतरायची, "सौ टक्का जिंदा है!"

सिनेमा पाहताना ती गप्प बसतच नसे. एल्सा तिला शेजारच्या घरी दिलेल्या बाईसारखी वाटायची. "अव इलसे, तिकडं काऊन जाऊन राहिली? तो काळा कोटवाला उभा हाय ना तिथं!" असं ती दर वेळी त्याच जागी ओरडायची आणि एल्सा दर वेळी तिकडेच जायची. मग मामी आमच्याकडे वळून सांगायची, "आयकतच नाई बाई." जणू ती या वेळी तरी ऐकेल अशी तिची खरीच अपेक्षा होती.

या सिनेमानं तिला एक नजर दिली होती, हे मात्र खरं. माझ्या मावसबहिणीला पाहायला मुलगा आला तेव्हा मोठी माणसं शेती, शिक्षण, नोकरी विचारत बसली. मुलगा सुपारीचं खांडही खात नाही, असं त्याच्या काकानं छाती ठोकून सांगितलं. मामी चहा देऊन आत आली आणि म्हणाली, "खर्रा खाते तो. पंखा सोडून खिडकीपाशी काऊन बसला?" आम्ही खिडकीबाहेर जाऊन पाहिलं. भिंतीवरच्या ताज्या पिचकाऱ्या तिच्या बाजूनं साक्ष देत होत्या. लग्न झालं ते झालंच, पण तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडायच्या अटीवर.

मामा मात्र तिच्या या एल्सापायी तिची पार रेवडी उडवायचा. मामा आणि त्याचा दोस्त देवाजीभाऊ घरापुढच्या छपरीत बसले, की आतून सिनेमाचा आवाज यायचा आणि मामा हाक द्यायचा, "काय व, इलसीची तेरवी केव्हा करून राहिली? आमाले जेवाले बोलाव!" देवाजीभाऊ पुढं जोडायचा, "तेरवीचाच डब्बा तो भाऊ, नावातच लिहून हाय." दोघं मांड्या बडवून हसायचे. मामी त्या दिवशी त्या दोघांना चहा देत नसे. आम्हाला ती गंमत वाटायची. तिला ती कधीच गंमत वाटली नाही, हे आम्हाला फार उशिरा समजलं. सगळं गाव एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला, अशी ती वर्षानुवर्षं त्या बाईला जिवंत ठेवून होती.

मी फुलचूरला राहते, पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. एका दिवाळीच्या सुट्टीत दुपारी मामीसोबत सिनेमा लावून बसले होते. सुरुवातीची पांढरी अक्षरं आली की मामी नेहमी चहा ठेवायला उठे, तशी उठली. मी सहज म्हणाले, "मामी, हा सिनेमा तर पुस्तकावरून घेतलाय."

"कोनतं पुस्तक?"

"अगं, पहिल्याच पाटीवर मोठ्या अक्षरांत आहे. 'इसी नाम के उपन्यास पर आधारित'. रोज तर पाहतेस!"

मामी चुलीपाशी तशीच उभी राहिली. चहा उतू गेला तरी तिनं पातेलं उतरवलं नाही. जिला एल्साच्या कोटाची बटणं पाठ होती, कुठल्या खिडकीची काच फुटकी आहे ते पाठ होतं, तिला दहा सेकंद पडद्यावर राहणारी ती एक ओळ माहीत नव्हती. आणि मग माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. लग्नपत्रिका हातात दिली की मामीचा चष्मा नेमका सापडत नसे. औषधाच्या बाटल्यांवर हळदीचा एक, दोन, तीन असे ठिपके असत. गोंदियाला जायचं तर ती फाट्यावर कुणाला तरी "हे कोनती गाडी व?" असं अगदी घाईत असल्यासारखं विचारी. मामाला माहीत असणारच, पण इतकी टवाळी करणाऱ्या माणसानं ही गोष्ट कधी ओठांवर आणली नाही, हा त्याचा मोठेपणा. मी मास्तरीण. रोज तीस मुलांना अक्षरं शिकवते. आणि मामीला वाचता येत नाही हे मला जन्मात कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मामीनं पदरानं पातेलं उतरवलं. "कोनाले सांगू नको," ती म्हणाली. मी मान हलवली. सांडलेला चहा पुसता पुसता एकदम तिचे डोळे चमकले. "पुस्तक पहिले झालं ना? सिनेमा मागून काढला ना? मंग बोगद्यात काय झालं ते त्या पुस्तकात लिहून असन!"

ते पुस्तक मिळवायला मला चार महिने लागले. मराठी भाषांतर निघालेलं होतं, 'तेरावा डबा' याच नावानं. एका ग्रंथालयाच्या रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यात सापडलं, खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं, कडेनं वाळवीनं चाखलेलं. मी ते घेऊन धावतच दवनीवाड्याला गेले आणि म्हणाले, आता एका बैठकीत वाचून दाखवते. मामीनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "तू वाचशील तं तुहा मामा म्हनन, पोरीनं मनानं सांगतलं. मीच वाचतो." बायकांनी 'मी वाचतो' म्हणायची आमच्याकडची रीत आहे, पण त्या दिवशी त्या क्रियापदात वेगळंच बळ होतं. शेवट उघडून पाहायचा नाही, अशी तिनं मला गळ्याची शपथ घातली. मी ती पाळली. एकदा हात शेवटच्या पानाकडे गेला होता, तेवढं सोडून द्या.

दर रविवारी मामा धानाच्या बांधीवर, म्हणजे शेतावर, गेला की आमची शाळा भरे. वही धानाच्या कोठीत लपवलेली असायची. पहिल्या दिवशी मी शाळेतल्या सवयीनं 'कमळ' लिहिलं. मामीनं पेन्सिल खाली ठेवली. "कमळ कायले? त्या सिनेमात कुठं कमळ हाय? मले बोगदा लिहून दे." मग आम्ही बोगद्यापासून सुरुवात केली. बोगदा, डबा, रुमाल, गोळी, कोट. तिची सगळी बाराखडी त्या रेल्वेगाडीतून खाली उतरली. जोडाक्षरांनी मात्र तिला रडकुंडीला आणलं. "हा ल अर्धाच काऊन?" एल्साच्या नावावर बोट ठेवून ती चिडायची. "पुरा लिहाले काय झालं होतं?" त्या एका अर्ध्या ल-शी तिनं तीन रविवार भांडण केलं. त्याच्यानंतर मीही वर्गात मुलांना आधी विचारायला लागले, तुला कोणता शब्द हवा? कोणी ट्रॅक्टर मागतो, कोणी आजीचं नाव. मुलं लवकर वाचायला लागतात. या पद्धतीबद्दल मला केंद्रप्रमुखांनी दोनदा शाबासकी दिली आणि दोन्ही वेळा मी ती निमूटपणे घेतली, ते श्रेय कुणाचं आहे हे सांगितलं नाही. म्हणून इथे सांगते आहे.

मामीला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिची आठवण निघाली की लोक खिडकीपाशी बसलेल्या त्या नवरदेवाची गोष्ट सांगतात. मला आठवते ती आमची शाळा भरायला लागली त्या वर्षीच्या चुरण्यानंतरची, म्हणजे मळणीनंतरची, एक दुपार. धान घरी आलेलं होतं, माणसं निवांत होती. मामीचं पुस्तक शेवटच्या प्रकरणापाशी येऊन थांबलं होतं. मी तिला म्हटलं, आधी एकटी वाचून घे, काय आहे ते पाहा, मग लोकांना बोलाव. ती म्हणाली, "लपून वाचलं तं म्हनतील पाठ करून आली. समोरच वाचतो. जे असन ते असन."

छपरीत मामा होता, देवाजीभाऊ होता, शेजारच्या चार-पाच बाया होत्या. मामी बाहेर आली, पाटावर बसली आणि तिनं पुस्तक उघडलं. मामाचा तंबाखू मळणारा हात थांबला. तिनं पहिली ओळ वाचली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग तो खाली मान घालून ऐकत राहिला. मामी अक्षराला अक्षर जोडत वाचत होती. एकेका शब्दापाशी दम खात होती. गाडी बोगद्यात शिरायलाच पाव तास लागला. पण कोणी हललं नाही. गोळी सुटली. गाडी बाहेर आली. रुमाल दिसला. नायकानं टोपी काढली. सिनेमा इथेच संपत होता, पुस्तक मात्र पुढं चालत होतं. नायक स्टेशनमास्तरच्या खोलीत जातो. स्टेशनमास्तर दार लावून घेतो आणि हळूच काहीतरी सांगतो.

"ए... ल्सा," मामीनं वाचलं. अर्धा ल अगदी नीट आला. तिचं बोट पुढं सरकलं, पानाच्या अगदी शेवटच्या शब्दावर आलं. "मे... ली."

पान संपलं.

मामानं मांडीवर थाप मारली. "झालं! मेली! मी काय म्हनून राहिलो होतो?" देवाजीभाऊ हसला. बाया चुकचुकल्या, एक तर पदर सावरून उठलीसुद्धा. वर्षभर हिला अक्षरं शिकवली ती हे एवढं वाचायला? त्यापेक्षा चष्मा हरवलेलाच बरा होता, असं मला खरोखर वाटलं.

मामी मात्र कोणाकडे पाहत नव्हती. तिला अजून पूर्णविराम सापडला नव्हता. पूर्णविरामाशिवाय थांबायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. तिनं बोट ओलं केलं आणि पान उलटायला गेली. जुन्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिनं ती न फाडता, वाळलेल्या पापडासारखी हळूहळू सोडवली. वरच्या ओळीतल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. त्यातही एक अर्धं अक्षर होतं. ते पाहून तिच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले, आणि मग तिचा आवाज आला, इतका मोठा की रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला.

"न... व्ह... ती!"

मग तिनं मागचं पान पुन्हा उलटलं आणि सबंध वाक्य, एका दमात, कुठेही न अडखळता वाचलं. "एल्सा मेली नव्हती."

उठलेली बाई उभीच होती. देवाजीभाऊचं तोंड उघडं राहिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसूही आवरेना. मामानं हातातला तंबाखू झटकून टाकला, पाटाजवळ सरकला, आणि मी कधीच न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "मंग कुठं गेली व ती? वाच ना पुढं."

मामीनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"पहिले खाली बसा सारे," ती म्हणाली. "अजून चार पानं हायेत."