अडीच इंचांची म्हातारी

लडक्या धोडी यांच्या दुनळी बंदुकीला बोर्डीत सगळे 'म्हातारी' म्हणतात. ती त्यांच्या वडिलांची. पीकरक्षणाचा परवाना आता लडक्यांच्या नावावर आहे. ते राखण करतात त्या चिकूच्या वाडीत पोपट उतरले, की ते आकाशाकडे एक बार काढतात. उरलेला वेळ तिची सेवा चालते.

"माझ्या गुडघ्यांना कधी तेल लावलं नाही," त्यांच्या पत्नी शांतीबाई सांगतात, "तिला मात्र रोज."

गेल्या माघात मी चिकूची पेटी आणायला वाडीत गेलो, तेव्हा वाडीच्या मालकांचा मुलगा हार्दिक तिथे होता. राखणीसाठी आवाज करणारे यंत्र आणून लडक्यांना घरी बसवावे, असे त्याने ठरवले होते. तरी एक संधी म्हणून वडिलांच्या नव्या बंदुकीची काडतुसे त्याने पुढे केली.

"काका, तुमच्या म्हातारीचा आवाज कुंपणापर्यंतही जात नाही. ही भरा. नाहीतर सोमवारपासून यंत्र."

लडक्यांनी काडतुसावर छापलेले माप वाचले. "पावणेतीन इंच. हिच्यात जागा अडीचची."

हार्दिकने स्वतःच ते नळीत सरकवले. अलगद बसले. "जातंय की!"

"जाणारच, शेठ. पाहुणा दारातून अंग चोरून येतो. आत हातपाय पसरले, की घर लहान ते कळतं."

बार सुटताना काडतुसाचे दुमडलेले तोंड उलगडते. त्याला इथे जागाच नव्हती. शिवाय या जुन्या नळ्या कमी दारूच्या सवयीच्या; जास्त दाबाने फाटायच्या.

"घाबरलात, काका."

लडक्यांनी बंदूक खटकन मिटवली. "बरं, उडवतो. तुम्ही फक्त इथे उभे राहा, माझ्या डाव्या हाताशी. नळीवर नजर ठेवा."

हार्दिक पाऊलभर मागे सरला. मग झाडामागे गेला. मग गाडीमागे. "इथूनही दिसतं," तो म्हणाला. मी त्याच्या आधीच तिथे पोहोचलो होतो.

लडक्यांनी बंदूक खांद्याकडे नेली, अगदी सावकाश.

"राहू द्या, राहू द्या! तुमचंच भरा!"

लडक्यांनी पाहुणा बाहेर काढला, खिशातले हलके काडतूस भरले आणि बार काढला. पन्नासेक पोपट उठले आणि थेट गुजरातच्या हद्दीत गेले.

"आवाज लहानच आहे," हार्दिक गाडीआडून म्हणाला.

"पोपटांना सांगा."

सोमवारी यंत्राऐवजी हार्दिक लडक्यांच्या घरी तेलाची बाटली घेऊन आला. ती कोणासाठी, यावर त्या घरात अजून एकमत नाही.